पाठमोरे बसून पुढे जाणारे

पावसाळ्यात कृष्णेला पाणी चढलं की सांगलीत होड्यांच्या शर्यती लागायच्या. अजूनही लागतात. माझं लहानपण त्या काठावर गेलं. घाटावर माणसांची दाटी, अब्बांच्या खांद्यावर मी, आणि समोरच्या लालसर पाण्यातून एका तालात वल्ही मारत जाणारे गावोगावचे गडी. कोण जिंकलं हे मला कधीच आठवत नसे. ताल मात्र रात्री अंथरुणातही कानात वाजत राही. पुढे मी कविता लिहू लागलो. लयीचा पहिला धडा मला शाळेत मिळाला की त्या घाटावर, हे आजही सांगता येणार नाही.

१९८२ साली दिल्लीत एशियाड भरलं, तेव्हा मी शाळेत होतो. त्या वर्षी आशियाई खेळांत रोइंग, म्हणजे नौकानयन, पहिल्यांदाच आलं. शर्यती जयपूरजवळच्या रामगढ तलावात होणार असं कळलं आणि मला नवल वाटलं. राजस्थानात होड्या? अब्बा म्हणाले, ‘तलाव मोठा असेल, बेटा.’ तलाव खरंच मोठा होता. जयपूर शहर त्याचं पाणी पीत होतं. पण पाणलोटातले ओढे अडले, अतिक्रमणं झाली आणि या शतकाच्या सुरुवातीलाच तो कोरडा पडला. आशियाभरातल्या नावा जिथे धावल्या तिथे गुरं चरू लागली. नौकानयनाबद्दल बोलताना मला आधी तो तलाव आठवतो, कारण या खेळाचं निम्मं दुखणं त्याच्यात आहे.

तसा मी बी.ए. झालेला, कवितेत रमणारा माणूस. हा खेळ मला कळला तो भाच्यामुळे. तो पुण्यात शिकायला होता आणि कॉलेजच्या बोट क्लबात जात होता. एकदा मी त्याच्याकडे मुक्कामाला गेलो, तर पहाटे पाचला त्यानं मला उठवून नदीवर नेलं. अंधारात चार पोरांनी एक लांबलचक नाव खांद्यावरून आणली, अलगद पाण्यात ठेवली, आत बसली आणि निघाली. बघतो तर सगळ्यांची तोंडं उलट्या दिशेला! नाव पुढे चालली आहे आणि पोरं मागे बघताहेत. परत आल्यावर मी विचारलं, ‘अरे, पुढचं दिसत नाही तर जाता कसे?’ तो हसून म्हणाला, ‘मामू, पुढं बघायचंच नसतं. मागं उठलेली रेघ सरळ आहे ना, एवढं बघायचं.’

आमच्या कृष्णेतल्या होडीत किंवा केरळच्या सर्पनौकेत वल्हं हातात मोकळं असतं, म्हणून माणूस पुढे तोंड करून बसतो. रोइंगमध्ये वल्हं नावेच्या कडेला आडव्या दांड्यावर अडकवलेलं असतं. तरफेसारखं ते काम करतं. तरफ ओढायची तर पाठ पुढे हवी. त्यात बैठक रुळांवर सरकणारी. खेळाडू गुडघे पोटाशी घेतो, वल्ह्याचं पातं पाण्यात रोवतो आणि पायांनी रेटा देतो. आपल्याला वाटतं हा दंडांचा खेळ. पण खरं बळ मांड्यांचं, त्यानंतर पाठीचं, आणि हात शेवटी. एका शर्यतीत असे सव्वादोनशे ते अडीचशे हिसके द्यावे लागतात. दोन्ही हातांत एकेक वल्हं असेल तर त्याला स्कलिंग म्हणतात, दोन्ही हातांनी एकच मोठं वल्हं ओढायचं असेल तर स्वीप. नावेत एक, दोन, चार किंवा आठ जण असतात. आठांच्या नावेत नववा असतो तो कॉक्स. तो वल्हं मारत नाही, सुकाणू सांभाळतो आणि ताल देतो. तेवढा एकच पुढे बघत असतो.

अंतर असतं दोन हजार मीटर. एकट्याच्या नावेचा पुरुषांचा जागतिक विक्रमी वेळ साडेसहा मिनिटांच्या किंचित वर आहे. न्यूझीलंडच्या रॉबी मॅन्सननं तो २०१७ साली नोंदवला. नाव सुमारे आठ मीटर लांब, रुंदीला जेमतेम फूटभर, आणि वजन? नियमाप्रमाणे चौदा किलोपेक्षा कमी नको, एवढंच. म्हणजे तांदळाच्या अर्ध्या पोत्यापेक्षाही हलकी. कार्बनच्या धाग्यांची ही नाव किनाऱ्याच्या दगडाला नुसती घासली तरी जायबंदी होते. चांगल्या नावा जर्मनी, इटलीहून येतात आणि एकेका नावेला काही लाख रुपये पडतात. क्रिकेटला एक फळकूट आणि रबरी चेंडू पुरतो. इथे गरीब पोरानं सुरुवात करायची तरी कशानं?

हा खेळ आपल्याकडे आला साहेबांबरोबर. कलकत्त्याचा रोइंग क्लब १८५८ चा, मद्रासचा बोट क्लब १८६७ चा. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, आताच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठात, १९२८ पासून रेगाटा भरतो. पुणेकरांच्या तीन-चार पिढ्यांनी नदीकाठी बसून पोरांची ती पाण्यावरची कवायत पाहिली आहे. पण क्लबातला खेळ वेगळा आणि देशाचा खेळ वेगळा. भारतीय रोइंग महासंघ स्थापन झाला तो १९७६ साली.

महासंघ करतो काय? राज्यांच्या संघटना एका सूत्रात बांधायच्या, लहान-मोठ्या गटांच्या राष्ट्रीय स्पर्धा भरवायच्या, पंच तयार करायचे, नावा मिळवायच्या, शिबिरं घ्यायची आणि संघ निवडायचा. यातलं अवघड काम शेवटचं. धावण्यात घड्याळ निकाल देतं. पाण्यावर घड्याळाचा भरवसा नाही. आज वारा पाठीमागून असेल, उद्या समोरून. मग चौघांच्या दोन नावा शर्यतीला सोडायच्या, अंतर मोजायचं, दोन नावांतल्या एकेका गड्याची अदलाबदल करायची आणि पुन्हा शर्यत लावायची. फरक किती पडला त्यावरून कोणता माणूस नाव पळवतो ते कळतं. याला सीट रेसिंग म्हणतात. मला ही पद्धत फार आवडली. देखणा कोण, कुणाच्या ओळखीचा कोण, हे पाणी विचारत नाही. अर्थात ती प्रामाणिकपणे राबवली तर.

आपली पहिली ऑलिम्पिक नाव पाण्यात उतरली ती २००० साली, सिडनीला. इंदरपाल सिंग आणि कासम खान ही ती जोडी. नंतर द्रोणाचार्य पुरस्कार मिळालेले इस्माईल बेग यांच्यासारखे प्रशिक्षक लाभले. २०१० साली ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत राजस्थानच्या बजरंगलाल ताखर यांनी एकट्याच्या नावेत सुवर्णपदक जिंकलं. नौकानयनातलं भारताचं ते पहिलं आशियाई सुवर्ण. ताखर सैन्यात. त्यांच्या आधीचे आणि नंतरचे बहुतेक जण सैन्यातले. पुण्यात दापोडीला लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात आर्मी रोइंग नोड आहे, शर्यतीसाठी बांधलेला जलमार्ग आहे. देशाच्या नौकानयनाचं काळीज तिथे धडधडतं म्हटलं तरी चालेल.

या काळजापर्यंत नाशिक जिल्ह्यातला एक मुलगा पोचला. दत्तू भोकनळ. चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही हे त्याचं गाव. चांदवडचं पाणी आपल्याला ठाऊक आहे. टँकरची वाट बघणारा मुलूख. दत्तूचे वडील विहिरी खोदायचे, हाही त्यांच्या हाताखाली राबायचा. वडील गेल्यावर पेट्रोल पंपावर रात्रपाळी केली आणि २०१२ साली तो सैन्यात भरती झाला. त्याची उंची पाहून प्रशिक्षक कुदरत अली यांनी त्याला वल्ह्याशी बसवलं. लांब हातपाय म्हणजे लांब तरफ, हे साधं गणित. सुरुवातीला या पोराला पाण्याचीच भीती वाटायची. तोच २०१६ साली रिओच्या ऑलिम्पिकला गेला. घरी आई अपघातानंतर अंथरुणाला खिळलेली. दत्तू तेरावा आला, शेवटची शर्यत त्यानं सहा मिनिटं पंचावन्न सेकंदांच्या आत संपवली. २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत तो आजारी पडला, एकट्याच्या शर्यतीत पार शेवटी राहिला. दुसऱ्या दिवशी सवर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासोबत चौघांच्या नावेत बसला आणि सुवर्णपदक घेऊन उतरला.

ताखर राजस्थानचे, दत्तू चांदवडचा. टोकियोत, २०२१ साली, अरविंद सिंग यांच्यासोबत अकराव्या क्रमांकापर्यंत गेलेले अर्जुनलाल जाट राजस्थानचेच. पाण्यावर चालणाऱ्या या खेळातली आपली थोर नावं बिनपाण्याच्या मुलखातून यावीत, हे मला कवितेसारखं वाटायचं. आता वाटत नाही. आता त्यात मला उणीव दिसते. ही मुलं सैन्यात गेली म्हणून त्यांना पाणी मिळालं, नाव मिळाली, पोटभर जेवण मिळालं. जी गेली नाहीत त्यांचं काय? मुलींचं काय? ओडिशाच्या प्रतिमा पुहाना आणि प्रमिला प्रवा मिंझ यांनी २०१० साली आशियाई कांस्यपदक आणलं. पण २०२४ च्या पॅरिसपर्यंत एकही भारतीय मुलगी ऑलिम्पिकच्या नौकानयनात उतरलेली नव्हती. पॅरिसलाही आपली एकच नाव होती, बलराज पंवारची. आदल्या वर्षी हांगझूच्या आशियाई स्पर्धेत दोन रौप्य आणि तीन कांस्य मिळवणाऱ्या देशाची एकच नाव.

माझा भाचा सैन्यात गेला नाही. नदीवर जाऊन आला की त्याच्या पायांना खाज सुटायची. पाण्यात शहराचं सांडपाणी, वर जलपर्णी. वल्हं तिच्यात अडकलं की नाव आडवी व्हायची. एका वर्षी तो स्पर्धेसाठी परराज्यात गेला, तिकिटं वेळेवर काढलेली नव्हती, पोरं रात्रभर रेल्वेच्या डब्यात संडासाशेजारी उभी. पोचल्यावर मागून घेतलेल्या, दुसऱ्याच्या मापाच्या नावेत बसली आणि हरली. परत आल्यावर तो कुणाबद्दल वाईट बोलला नाही. इतकंच म्हणाला, ‘मामू, नोकरी बघतो.’ आज चांगल्या नोकरीत आहे. घरी त्याच्या पलंगाखाली फुटलेल्या वल्ह्याचं पातं अजून ठेवलेलं आहे. भाचेसून झाडताना ते बाहेर काढते आणि पुसून परत ठेवते.

दोष कुणा एकाला देऊन भागणार नाही. खेळ वाढवायचा तर काय लागतं हे आता लपलेलं नाही. पहिलं, पाणी. दोन किलोमीटर सरळ, संथ, तीन मीटर खोल आणि स्वच्छ. धरणांचे जलाशय महाराष्ट्रात थोडे नाहीत. दुसरं, त्या पाण्याकाठच्या शाळा. उंच मुलं-मुली तेराव्या-चौदाव्या वर्षी हेरायला हव्यात, विसाव्या वर्षी भरतीच्या रांगेत नव्हे. नाव महाग असेल तर सुरुवात अर्गोमीटरवर करता येते. एका जागी बसून वल्हवायचं हे यंत्र शाळेच्या खोलीत मावतं. तिसरं, पगारी प्रशिक्षक. चौथं, चोख कारभार. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यानं महासंघांच्या कार्यकारिणीत खेळाडूंना आणि स्त्रियांना जागा दिल्या आहेत. त्या खुर्च्यांवर बसणाऱ्यांना बोलू दिलं तर रेल्वेची तिकिटंही वेळेवर निघतील.

आणखी एक दार उघडलं आहे. हलक्या वजनाच्या खेळाडूंची ऑलिम्पिक शर्यत पॅरिसनंतर बंद झाली. आपली टोकियोची कामगिरी त्याच गटातली, तेव्हा नुकसान आपलं आहेच. पण तिच्या जागी २०२८ च्या लॉस एंजेलिससाठी समुद्रावरची शर्यत घेतली आहे. वाळूतून पळत जायचं, रुंद आणि दणकट नावेत उडी मारायची, लाटा कापत अडीचशे मीटर आत जायचं, वळायचं, परत यायचं आणि पुन्हा वाळूतून धावायचं. ऐकताना मला कोकण दिसला. आमच्या दालदी मुसलमानांची आणि कोळ्यांची पोरं दुसरं काय करतात? लाट कुठे फुटणार हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. त्यांच्यापर्यंत नाव मात्र पोचवावी लागेल.

मागच्या पावसाळ्यात मी आणि भाचा सांगलीत घाटावर शर्यती बघायला गेलो होतो. बरोबर त्याची मुलगी होती, वयाच्या मानानं उंच. बराच वेळ ती गप्प बघत होती. मग तिनं बापाला विचारलं, ‘अब्बू, हे लोक पुढं तोंड करून कसे बसलेत? तुम्ही तर उलटे बसायचात.’ त्यानं तिला पायरीवर बसवलं, गुडघे दुमडायला लावले, हातात माझी छत्री दिली आणि म्हणाला, ‘आता पायांनी रेट.’

तिनं रेटलं. माझ्या छत्रीची एक काडी मोडली. मी काही बोललो नाही.