सुटा घटक आणि सबंध यंत्रणा

भोर तालुक्यातील भाटघर व नीरा-देवघर आणि वेल्हे भागातील गुंजवणी या तिन्ही धरणांचे पाणी अखेर खालच्या वीर धरणात उतरते. प्रत्येक धरण आपापल्या जागी भक्कम असले, तरी वीरचे दरवाजे केव्हा व किती उचलावेत, हे वर काय घडते यावर अवलंबून राहते. मोठ्या संगणक-आज्ञावलींची घडण अशीच असते. निरनिराळ्या हातांनी लिहिलेले सुटे घटक जोडून त्या उभ्या केल्या जातात.

आज्ञावली चुकणार नाही याची गणिती सिद्धता देणे, म्हणजे औपचारिक पडताळणी होय. चाचणीत निवडक प्रसंग तपासले जातात; सिद्धतेत एकही प्रसंग सुटता कामा नये. अडचण येथेच उद्भवते. एका घटकाच्या दहा अवस्था संभवत असतील, तर चार घटकांच्या मिळून दहा हजार आणि आठांच्या दहा कोटी होतात. प्रत्यक्षात घटक शेकड्यांनी असतात. अवस्था यंत्राकरवी तपासण्याची रीत १९८० च्या दशकारंभी अमेरिकेत क्लार्क व एमर्सन यांनी आणि फ्रान्समध्ये सिफाकिस यांनी विकसित केली. तिघांना त्याबद्दल २००७ चा ट्युरिंग पुरस्कार लाभला. परंतु अवस्थांचा हा स्फोट अद्याप पुरता आवरलेला नाही.

म्हणून घटक एकेकटा तपासण्याचा मार्ग अवलंबिला जातो. शेजाऱ्याकडून त्याने काय गृहीत धरले आणि स्वतः कशाची हमी दिली, एवढेच पाहायचे. गृहीते व हमी परस्परांशी जुळली, की सबंध यंत्रणेविषयी निष्कर्ष काढता येतो. मात्र गृहीते लिहून काढणे हेच खरे जिकिरीचे काम. बहुधा ती कोणी लिहिलेलीच नसतात.

४ जून १९९६ रोजी एरियान-५ हा युरोपीय अग्निबाण उड्डाणानंतर मिनिटभराच्या आत नष्ट झाला. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेतील आज्ञावली एरियान-४ वर व्यवस्थित चाललेली होती. नव्या यानाचा आडवा वेग अधिक होता आणि तो आकडा नेमून दिलेल्या जागेत मावला नाही.

वेल्ह्याच्या खोऱ्याला ही गोष्ट वेगळ्या रूपात ठाऊक आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले, आणि खालचे जुने खडकवासला धरणही त्या लोंढ्यापुढे टिकले नाही. नदीचे पूर त्याने अनेक दशके सोसले होते. वरचा सारा साठा एकाच वेळी अंगावर येईल, हे त्याच्या बांधणीत धरलेले नव्हते.

पुण्यात १९८१ मध्ये स्थापन झालेल्या टाटा संशोधन केंद्राच्या परंपरेतून आज्ञावली-पडताळणीचे 'वेरिअ‍ॅब्स' हे साधन पुढे आले. वारंवार फिरणारी आवर्तने संक्षिप्त रूपात मांडून ते काम हलके करते. मोठी यंत्रणा कोठे खंडित करून तपासावी, हे मात्र अजून बहुतांशी माणसालाच ठरवावे लागते.