जुन्या चेतकचे सुटे भाग शोधताना

कितीतरी घरांच्या जिन्याखाली अजून एखादी बजाज चेतक ताडपत्री पांघरून उभी असते. १९७२ साली ती बाजारात आली, तेव्हा नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. आता घरधनी नाहीत, मुलं परगावी. आणि भंगारवाला तिला वजनावर मागतो. देऊन टाकण्याआधी जरा थांबा!

या स्कूटरचं उत्पादन केव्हाच थांबलं. पण केबल, ब्रेक-शू, टायर, रबरं आजही मिळतात. पुण्यात असाल तर नाना पेठेत, नाहीतर जुन्या बाजारात शोधा. मात्र नुसतं 'चेतकचं द्या' म्हणून भागत नाही. टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक? दिवा सहा व्होल्टचा की बारा? दुकानदार आधी हेच विचारतो. म्हणून मोडका भाग पिशवीत घालूनच निघावं. नमुना समोर ठेवला की चुकीचा माल गळ्यात पडत नाही. मेकॅनिकलाही बजावून ठेवा, 'काढलेलं काही फेकू नका हं!' २०२० साली आलेली नवी चेतक विजेवर चालते; तिचे भाग हिला बसायचे नाहीत.

खर्चात पडण्याआधी दोन गोष्टी पाहा. पायाखालच्या रबरी पट्ट्या उचलून पत्रा गंजलाय का, ते बघा. मग आर. सी. बुक काढा. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण लागतं; मालक हयात नसतील तर गाडी वारसाच्या नावावर करून घ्यावी लागते.

दिव्याची कडी, हँडल जुनंच, अस्सल असावं, हे खरं. ब्रेक-शू आणि टायर मात्र नवेच घाला. आठवण जपायची, पण जीव धोक्यात घालून नव्हे!