आतली भिंत जिवंत आहे का?

काष्टीला दर शनिवारी जनावरांचा बाजार भरतो. तिथे उभ्या असलेल्या बिनशिंगी संकरित गाई पाहिल्या की मला कॉस्टिक पोटॅशची कांडी आठवते. वासरू दहा-पंधरा दिवसांचं असताना शिंगाच्या कळीवर ती चोळतात आणि भोवती व्हॅसलीन लावतात, कारण ओघळ जाईल तिथली कातडी जळते. चोळायचं वरून, पण मरतं ते शिंगाचं मूळ!

अल्कलीचा हाच गुण पोटात भयंकर ठरतो. दुधाची भांडी धुवायचा कॉस्टिक सोडा कुणीतरी पाण्याच्या बाटलीत ठेवतं आणि लेकरू घोट घेतं. अल्कली आणि चरबी मिळून साबण होतो, आणि इथे चरबी असते अन्ननलिकेच्याच पेशींमधली. जेमतेम काही मिलिमीटर जाडीची ती भिंत विरघळत जाते आणि रसायन खोल उतरतं. आम्लाची तऱ्हा वेगळी. ते प्रथिनं गोठवून खपली धरतं, पण जठराचा घात करतं. दोन्हींत उलटी मुळीच करवू नये, उतारा म्हणून लिंबू-ताक पाजू नये. बाटली घेऊन थेट दवाखाना गाठावा.

आणि ओठांवर डागही नसला, तरी आत काय झालं असेल ते सांगता येत नाही. चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेतल्या झरगर आणि सहकाऱ्यांनी 1991 साली दुर्बिणीतून (एंडोस्कोपीत) दिसणाऱ्या भाजण्याच्या श्रेणी मांडल्या. त्या आज जगभर वापरतात. पण दुर्बिणीला दिसतं ते आतलं अस्तर. ते काळं पडलं म्हणजे अख्खी भिंत मेली, असं नव्हे.

इथे सीटी स्कॅन जे करतं, त्याने मी थक्क होतो. शिरेतून आयोडीनचं औषध सोडतात. ते रक्ताबरोबर फिरतं आणि रक्त पोचेल तिथली भिंत चित्रात उजळते. जी उजळत नाही ती गेली, तिथे शस्त्रक्रिया. म्हणजे हे चित्र आकारापलीकडे जाऊन अवयवाचा जीव दाखवतं! 2019 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने आणीबाणीत सीटीला पहिला मान दिला तो यामुळेच. स्कॅन साधारण 3 ते 6 तासांनी काढतात. नुसत्या दुर्बिणीच्या भरवशावर काढून टाकल्या असत्या अशा काही अन्ननलिका त्याने वाचतात.

पुढे तीनेक आठवड्यांनी व्रण आकसू लागतो, घास अडकतो. मग रुग्णाला बेरियमचा पांढरा घोट देऊन तो क्ष-किरणांखाली उतरताना पाहतात. या युक्तीचं मूळ 1896 मधलं आहे. हार्वर्डचा विद्यार्थी वॉल्टर कॅनन याने पुठ्ठ्याची उंच कॉलर घातलेल्या एका हंसाला बिस्मथ गिळायला दिलं आणि त्या लांब मानेतून ते सरकताना पाहिलं. आज त्याच किरणांखाली अरुंद जागी फुगा नेऊन फुगवतात. आधी त्याला मधोमध कंबर दिसते. दाब वाढतो तशी ती हळूहळू भरत जाते. अन्ननलिका पुन्हा आकसली तर काही आठवड्यांनी पुन्हा फुगा, कित्येकदा अशा अनेक खेपा, नीट घास उतरेपर्यंत.