एकच लायब्ररी, मागणीच्या वाटा दोन

वाशीमच्या बाजार समितीत सोयाबीनच्या हिशेबपट्टीवर १,२५,००० रुपये ही रक्कम लाख-हजारांच्या स्वल्पविरामांसह छापायची आहे, असे समजा. त्यासाठी प्रत्येक प्रोग्रामरला नव्याने कोड लिहावा लागत नाही. तयार कोडचा संच, म्हणजेच 'लायब्ररी', आपल्या प्रणालीत जोडता येतो. जावास्क्रिप्ट भाषेत मात्र ती जोडण्याची पद्धत एकच नाही आणि घोळ तेथेच होतो.

१९९५ मध्ये ब्राउझरसाठी जन्मलेल्या या भाषेत कोडचे स्वतंत्र भाग, म्हणजे मॉड्यूल, जोडण्याची अंगभूत सोय नव्हती. २००९ मध्ये आलेल्या नोड डॉट जेएसने सर्व्हरसाठी 'कॉमनजेएस' पद्धत स्वीकारली. तीत 'रिक्वायर' या शब्दाने मॉड्यूल मागवले जाते. ब्राउझरसाठी 'एएमडी' ही निराळी पद्धत रूढ झाली. दोन्हीकडे चालणारे 'यूएमडी' हे वेष्टनही आले. अखेर २०१५ मध्ये 'इम्पोर्ट' व 'एक्सपोर्ट' यांना भाषेच्या प्रमाणकातच स्थान मिळाले. जुना कोड मात्र वापरात राहिलाच.

त्यामुळे लायब्ररीचा कर्ता मूळ कोड एकदाच लिहितो आणि त्यापासून दोन आवृत्त्या तयार करतो. कोणत्या मागणीला कोणती फाइल द्यायची, हे 'पॅकेज डॉट जेसन' या फाइलमधील 'एक्सपोर्ट्स' नोंदीत सांगितलेले असते. तेथे न नोंदवलेल्या अंतर्गत फाइली बाहेरून मागवता येत नाहीत. साहजिकच, जुन्या लायब्ररीत ही नोंद नव्याने घातल्यास काहींच्या चालू प्रणाली बंद पडू शकतात.

खरा धोका पुढे आहे. एकाच प्रणालीत दोन्ही वाटांनी मागणी झाली, तर लायब्ररीच्या दोन प्रती मेमरीत येतात. एकीला 'अंक देवनागरीत छापा' असे सांगितले तरी दुसरीला त्याचा पत्ता नसतो. मग एकाच हिशेबपट्टीवर कुठे देवनागरी, तर कुठे इंग्रजी अंक उमटतात. बेरीज बरोबर असूनही शेतकऱ्याच्या मनात शंका येते. यावर उपाय म्हणजे सेटिंग एकाच सामाईक कॉमनजेएस फाइलमध्ये ठेवणे आणि दोन्ही आवृत्त्यांनी तीच वापरणे.

डिसेंबर २०२४ मधील नोडच्या २२.१२ आवृत्तीपासून नव्या पद्धतीचे बहुतेक मॉड्यूलही थेट 'रिक्वायर' करता येतात. त्यामुळे दुहेरी मांडणीची गरज घटली आहे, पण जुन्या नोडवरील प्रणालींसाठी ती उरतेच. म्हणूनच प्रकाशनापूर्वी तयार पॅकेज कोऱ्या प्रकल्पात बसवून दोन्ही वाटांनी तपासणे हिताचे ठरते.