गावाच्या वीजबिलाचं ऑडिट

आपल्या गटाचं ऑडिट दरवर्षी होतं. वहीतला रुपया कुठून आला, कुठे गेला, हे बाहेरचा माणूस तपासून सांगतो. विजेचंही तसंच असतं. इमारतीत वीज किती आली, कशात गेली आणि त्यातली फुकट किती गेली, हे बघायचं. मोठ्या कारखान्यांसाठी २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यात त्याची तरतूद आहे, त्यासाठी शिकलेले तपासनीस असतात. ग्रामपंचायत, अंगणवाडी, शाळा इथली पहिली फेरी मात्र आपण बायकाही करू शकतो.

यात आपलं काय अडलंय, असं कुणी म्हणेल. पाणीपुरवठ्याच्या मोटारीचं बिल थकलं की जोडणी तुटते, आणि मग हंडे कुणाच्या डोक्यावर येतात ते मी सांगायला नको.

सुरुवात कागदापासून. भाऊसाहेबांकडून प्रत्येक जोडणीची बारा महिन्यांची बिलं मागा. रुपये नंतर, आधी युनिट बघा. बिलावरचा मीटर नंबर भिंतीवरच्या मीटरशी जुळतो का? रीडिंग घेतलंय, की सरासरीने बिल आलंय? वापरात नसलेली एखादी जोडणी तशीच राहिली असेल, तर एक युनिट न जाळताही स्थिर आकार येतच राहतो.

मग मीटर. संध्याकाळी कार्यालय बंद होताना रीडिंग लिहा, सकाळी उघडताना परत लिहा. आत कुणी नसताना आकडा बराच पुढे गेला असेल, तर काहीतरी चालू राहिलंय, नाहीतर कुणीतरी तिथून वीज घेतंय. आपण फक्त वाचायचं. पेटी उघडायची नाही, ते वायरमनचं काम.

आता हिशोब. १००० वॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट. जुनी ४० वॅटची ट्यूब चोकसकट साधारण ५० वॅट घेते, एलईडी २० वॅट. कार्यालयात अशा ६ ट्यूब रोज ८ तास चालत असतील, तर बदलल्यावर महिन्याच्या २५ दिवसांत ३६ युनिट वाचतात. बरं आहे. पण ५ एचपीची मोटार तासाला जवळपास ४ युनिट खाते. पाइप गळतोय, टाकी भरून वाहतेय, म्हणून ती रोज एक तास जादा चालली, तर महिन्याला १२० युनिट गेले! म्हणून मला विचाराल तर ट्यूबच्या आधी वॉल्व्ह आणि टाकी बघा. सगळे ट्यूब बदलतात, कारण तिचा फोटो काढता येतो.

अंगणवाडीत बचत म्हणजे पोरांचा पंखा बंद करणं नव्हे. पत्र्याखाली बसणाऱ्या लेकरांना तो हवाच. खिडकीला टेकवलेलं कपाट हलवा, दिवसा दिवा लावावा लागणार नाही. उन्हाळ्याआधी छपराला चुन्याचा हात दिला तर आत कमी तापतं. जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास घेतो, बीएलडीसी नावाचा नवा ३० च्या आसपास. तो महाग आहे, तेव्हा जिथे पंखा दिवसभर फिरतो तिथेच आधी लावावा.

सापडलेलं सगळं वहीत लिहा. ग्रामसभेच्या आधी महिला सभा होते, तिथे ती वही वाचा आणि ठरावात घालून घ्या: कोणती दुरुस्ती, कुणी करायची, कोणत्या तारखेपर्यंत. पुढच्या तीन बिलांचे युनिट मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यांशेजारी लिहायचे. उन्हाळ्याची तुलना पावसाळ्याशी केली, तर झाली नसलेली बचतही झाल्यासारखी दिसेल.