सूर्य दोनदा डोक्यावर येतो

25 मेच्या सुमारास विदर्भात नवतपा लागतो. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की पुढचे नऊ दिवस सगळ्यांत कडक, असा जुन्या माणसांचा हिशेब. गोंदिया जिल्ह्यातल्या इटियाडोहच्या बाबतीत हा हिशेब आकाशातल्या भूमितीशी विलक्षण जुळतो. गाढवी नदीवरचं हे धरण साधारण 20.8 उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून 24-25 मेच्या भर मध्यान्ही सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो. पाळीवर उभ्या माणसाची सावली पायांखालीच विरते.

पण सूर्य इथे पुन्हा एकदा डोक्यावर येतो, 18-19 जुलैला. तोच कोन, दिवसही तितकाच लांब. मेमध्ये पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतो आणि जुलैत तिशीच्या आसपास घुटमळतो. मग मधली ती चौदा-पंधरा अंशांची उष्णता गेली कुठे?

त्याहून नवल राजस्थानचं. जैसलमेर आणि फलोदी कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहेत, त्यामुळे तिथे सूर्य वर्षातून एकदाही ऐन डोक्यावर येत नाही. तरी 19 मे 2016 रोजी 51 अंशांची नोंद झाली ती फलोदीतच.

उत्तर पाण्यात आहे. ओल्या जमिनीवर पडलेल्या उन्हाचा मोठा वाटा पाण्याची वाफ करण्यातच खर्च होतो, हवा तापवायला थोडाच उरतो. जुलैत वर ढग असतात आणि खाली धानाच्या बांध्या तुडुंब भरलेल्या. मेमध्ये रानाची पानं गळालेली, तलावांचे तळ उघडे, आणि वायव्येकडून कोरडा वारा आलेला. म्हणजे पूर्व विदर्भातला झाडीपट्टीचा हा मुलुख मे महिन्यात काही आठवडे वाळवंटासारखाच वागतो. जिथे वर्षाला तेराशे-चौदाशे मिलिमीटर पाऊस पडतो, तिथे! जैसलमेरला वर्षभरात दोनशेच्या आसपासच पडतो.

वाफेची हीच युक्ती आपलं शरीर वापरतं. त्वचेचं तापमान साधारण 35 अंश असतं. हवा त्याहून गरम झाली की वारा आपल्याला थंड करत नाही, उलट तापवतो. तेव्हा हाताशी एकच उपाय उरतो, घाम. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. मात्र तो वाळला तरच. टपटप गळून गेलेला घाम फक्त पाणी आणि मीठ नेतो, उष्णता इथेच ठेवतो.

म्हणून इटियाडोहला जाणाऱ्यानं तापमानाच्या आकड्याआधी मुक्कामाच्या ठिकाणी कूलर कसा चालतोय ते विचारावं. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. कूलर आणि घाम दोघेही पाणी वाळवून गारवा करतात. मेच्या मध्याला कूलर खोली झकास गार करतो. तेव्हा घामही झटपट वाळतो, इतका की तो आलेला कळतही नाही आणि शरीर गुपचूप कोरडं पडत जातं. या दिवसांत तहान लागायची वाट बघू नये. पाणी, मीठ घातलेलं ताक, कैरीचं पन्हं यांतलं काहीतरी पोटात जात राहिलं पाहिजे. डोक्या-कानांना दुपट्टा बांधावा. त्यानं थेट ऊन अडतं, कानात शिरणारी झळ थांबते. खिशात कांदा ठेवायचा असेल तर जरूर ठेवावा. त्याच्या भरवशावर दुपारी बाराला निघू मात्र नये.

जूनच्या सुरुवातीला एक दिवस असा उगवतो की कूलर नुसती चिकचिक करतो. पारा चाळिशीतच असतो, पण हवेत बाष्प शिरलेलं असतं. कपडे ओले राहतात आणि घाम वाळत नाही. पाहुण्याला वाटतं, चला, दोन-चार अंशांनी तरी उतरलं. माझ्या मते वर्षातला सर्वांत फसवा काळ हाच. धरणाच्या कालव्यावर उन्हाळी धान घेतलेलं असेल, तर त्या बांध्यांच्या आसपास हा दमटपणा आधीच जाणवू शकतो. अशा वेळी कुणी असंबद्ध बोलू लागलं, चालताना झोकांड्या देऊ लागलं, अंग भट्टीसारखं तापलं, तर तो थकवा नाही, उष्माघात आहे. सावलीत घ्यावं, अंगावर भरपूर पाणी ओतून वारा घालावा, 108 ला फोन करावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये.

याच आठवड्यांत विजा सुरू होतात. विजेचा लोळ सुमारे 30,000 अंशांपर्यंत तापतो, सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट. आवाजाला एक किलोमीटर यायला तीन सेकंद लागतात. चमकेपासून गडगडाटापर्यंत तीस मोजून होण्याआधीच आवाज आला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि धरणाची उघडी पाळ सोडायला हवी. एकट्या मोहाच्या झाडाखाली थांबणं सर्वांत वाईट. झाडावर पडलेली वीज जमिनीत पसरते आणि दोन पायांतलं अंतर जितकं जास्त, तितका जास्त विद्युतदाब शरीरावर पडतो. झाडाखालच्या गाई-म्हशी एकदम दगावतात त्याचं एक कारण हेच, त्यांच्या पुढच्या-मागच्या पायांतलं अंतर. रोवणीच्या दिवसांत पाण्यात उभ्या मजुरांना हा धोका रोजचा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप जवळपासच्या विजांची सूचना देतं. शेवटच्या गडगडाटानंतरही अर्धा तास पक्क्या घरात किंवा बंद गाडीत थांबावं.

पश्चिम महाराष्ट्रातल्या माणसाला पाऊस अरबी समुद्राकडून येतो असंच वाटत असतं. इथला जोरदार पाऊस बहुधा बंगालच्या उपसागराकडून येतो. ओडिशाच्या किनाऱ्यावर कमी दाबाचा पट्टा तयार झाला की तो छत्तीसगड ओलांडून एक-दोन दिवसांत पूर्व विदर्भावर पोहोचू शकतो. म्हणून निघण्याआधी नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा इशारा बघावा आणि बातम्यांत पूर्वेकडचं आकाश शोधावं. नदीच्या बाबतीत तर तेवढंही पुरत नाही. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस मध्य प्रदेशात मुसळधार पाऊस झाला आणि वैनगंगेच्या पुरानं भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत हाहाकार केला. गाढवी याच वैनगंगेला मिळते. डोक्यावर पाऊस नाही म्हणून रपट्यावर पाणी चढणार नाही, असं इथे मानता येत नाही. वाहत्या पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. वेग दुप्पट झाला की धक्का चौपट. वीतभर वेगवान पाणी माणसाला पाडतं, दोन फूट पाणी गाडी तरंगवून नेतं. धरण ओव्हरफ्लो झालं की सेल्फीसाठी गर्दी लोटते, तेव्हा सांडव्याच्या शेवाळलेल्या दगडांवर पाय ठेवताना हे गणित आठवलेलं बरं.

या हवामानाशी सर्वांत अवघड तडजोड केली ती धरणाजवळच्या गोठणगावच्या तिबेटी वसाहतीनं. 1972 मध्ये ही माणसं इथे वसवली गेली. मूळ घर सरासरी चार हजार मीटरहून उंच पठारावर, त्याचा मोठा भाग म्हणजे थंड वाळवंटच. तिथली हवा विरळ आणि कोरडी, उन्हातून सावलीत आलं की थंडी वाजणारी. तिथून थेट नवतप्यात! त्यांनी इथली शेती शिकून घेतली, आणि हिवाळ्यात भारतभर स्वेटर विकायला जाण्याचा व्यवसायही धरला.

पाहुण्यानं मात्र हिवाळ्यातच यावं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी घाम आणि कूलर दोन्ही रजेवर असतात, धरणात पाणी असतं, आणि जवळच्या नवेगावबांधच्या तलावावर स्थलांतरित पक्षी उतरलेले असतात. गोंदिया-बल्लारशाह मार्गावरचं अर्जुनी स्थानक सोयीचं. पहाटे गारठा चांगलाच असतो, तेव्हा एक स्वेटर सोबत ठेवावा.