आधी आपला वाटा

ग्रंथालयात कार्यक्रम ठरला की आपण विचारतो, वक्ते कोण, अध्यक्ष कोण, चहापाणी कोणाकडे? दुसऱ्या दिवशी किती पुस्तके घरी गेली, हे सहसा कोणी विचारत नाही. ग्रंथालयातल्या कार्यक्रमाची खरी कसोटी मात्र तीच. ती समजून घ्यायला आपल्याला लांब जावे लागत नाही.

१९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत पलसाणा बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतात होते. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. पण शाळा सुटल्यावर हाती पुस्तक नसेल, तर शिकलेली अक्षरे विसरायला किती वेळ लागतो? म्हणून १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावले आणि गावोगाव वाचनालये उभी करण्याचे काम सुरू झाले.

या योजनेची मेख पैशांच्या वाटणीत होती. गावकऱ्यांनी वर्षाला जेवढी रक्कम जमवावी, तेवढीच प्रांत पंचायतीने घालावी आणि तेवढीच संस्थानाने. खेड्यासाठी प्रत्येक वाट्याची मर्यादा शंभर रुपये. म्हणजे लोकांनी आधी हात पुढे केला, तरच दरबारचा हात पुढे येई. जिथे वाचनालय नव्हते, तिथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरत. ग्रंथालय खात्याचीच एक शाखा मॅजिक लँटर्नची चित्रे आणि चलत्‌चित्रे खेडोपाडी फुकट दाखवी. ज्याला वाचता येत नव्हते, तोही अशा खेळाला येऊन बसू शके. कार्यक्रम म्हणजे पुस्तकाकडे नेणारी पायवाट, हा विचार त्यामागे होता.

तोच विचार आजही शेजारी जिवंत आहे. नवसारीच्या सयाजी वैभव सार्वजनिक पुस्तकालयात ‘मने गमतुं पुस्तक’ नावाची वार्तालापमाला चालत आली आहे. बोलणारा आपल्या आवडीच्या एका पुस्तकाविषयी बोलतो. मध्यभागी माणूस नसतो, पुस्तक असते.

आता आपल्या घरांकडे पाहू. गणेशोत्सव, हळदीकुंकू, नाट्यगीतांची मैफल, यांत आपण कमी पडत नाही. पण घरात मराठी बोलणारी नातवंडे वाचतात गुजरातीत नाहीतर इंग्रजीत. लिपीची सबब आपल्याला चालणार नाही. शाळेत हिंदी शिकलेल्या मुलाला देवनागरी येतेच. कमी आहे ती हाती पडणाऱ्या पुस्तकाची. आणि ग्रंथालयाचा हिशेब सरळ आहे: जे पुस्तक कोणी नेत नाही, तशी पुस्तके पुढच्या खरेदीत मागे पडतात. मराठीचे कपाट टाळ्यांनी टिकत नाही, देवघेवीच्या नोंदवहीने टिकते.

म्हणून कार्यक्रम असा करून पाहा. महिनाभर आधी एक पुस्तक ठरवा आणि त्याच्या पाच-सहा प्रती घराघरांतून जमवून ग्रंथपालांकडे ठेवा. बोलायला पाहुणा नको. ते पुस्तक वाचलेली आपल्यातलीच एखादी आजी किंवा कॉलेजातला मुलगा पंधरा मिनिटे बोलेल. एक उतारा मोठ्याने वाचा. गुजराती शेजाऱ्यांनाही बोलवा आणि जोडीला एक गुजराती पुस्तक घ्या. सुरुवात काकासाहेब कालेलकरांपासून करता येईल. साताऱ्यात जन्मलेल्या, मातृभाषा मराठी असलेल्या या लेखकाला १९६५ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तो गुजराती ग्रंथासाठी. दोन भाषांत राहणे म्हणजे एक गमावणे नव्हे, हे मुलांना यापेक्षा सोपे करून काय सांगणार?

शेवटी आभारप्रदर्शन आटोपते घ्या आणि खिडकी अर्धा तास उघडी ठेवायची विनंती करा. त्या अर्ध्या तासात जी नावे नोंदवहीत चढतील, तो आपला वाटा. तो पडला, की पुढच्या खरेदीत मराठी पुस्तके मागताना आपल्या शब्दाला वजन येईल.